वादळे आणि सागरी गवताची जनुकीय विविधता

वादळाने उथळ समुद्रातील गवताची कुरणे उखडल्यावर त्यांतील जनुकीय विविधता वाढेल की घटेल, हे मागे काय उरले यावर बरेचसे अवलंबून असते. ईलग्रास (झॉस्टेरा मरिना) तळाच्या वाळूत मूलक्षोडाने पसरते. एका बीपासून वाढलेला क्लोन बरीच जागा अडवू शकतो. लाटांनी त्यात मोकळी जागा पडली की नव्या रोपांना वाव मिळतो व विविधता वाढते, असे एक मत आहे. सर्वत्र तसे आढळलेले नाही.

व्हर्जिनियाचा किनारा. अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या उथळ उपसागरांत १९३० नंतर रोगाने ईलग्रास खंगले आणि ऑगस्ट १९३३च्या चक्रीवादळाने उरलेसुरले नेले. स्कॅलॉप शिंपल्यांचा धंदाही बुडाला. पुढे सहा दशकांहून अधिक काळ तळ जवळजवळ उघडा राहिला. कारण बियांत आहे. जेमतेम ३ मिमी लांबीचे हे बी झाडावरून सुटताच बुडते, बहुधा काही मीटरांच्या आतच राहते आणि त्याच वर्षी उगवते. तळाशी वर्षानुवर्षांचा साठा उरत नाही. तुटलेला फुलोरा तरंगत दूर गेला, तरच बी लांब पोहोचते.

१९९९ पासून रॉबर्ट ऑर्थ व व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्समधील त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरणी केली. चेसापीक उपसागरातून बियांनी भरलेले फुलोरे वसंतात काढायचे, टाक्यांत कुजू द्यायचे, तळाशी बसलेले बी वेचून शरदात पाण्यात हाताने फेकायचे, अशी ही पद्धत. दोन दशकांत ७ कोटींहून अधिक बिया पेरल्या गेल्या. कुरणे सुमारे ३,६०० हेक्टरांवर पसरली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत पेरलेल्या कुरणांतील विविधता, जेथून बी आणले त्या चेसापीकमधील कुरणांइतकीच भरली. उत्तरेच्या शिंकोटीग उपसागरातील गवताशीही नाते दिसले; तेथून काही बी आपोआप येत असावे. रोगाने व वादळाने पुसलेल्या कुरणांच्या जागी विविधता असलेली कुरणे बियांतून उभी करता येतात, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

कॅलिफोर्निया. याउलट येथे रोपे उपटून लावलेल्या कुरणांत विविधता नैसर्गिक कुरणांपेक्षा कमी आढळली. विविधता कमी तेथे बीही कमी रुजले.