सातवा महिना

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

अंबरनाथ पश्चिमेला आम्ही ज्या चाळीत राहत होतो, तिथं एकाच मजल्यावर एकाच आठवड्यात दोन ओट्या भरल्या गेल्या. साल १९७६च्या आसपासचं. शेजारच्या काकूंच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, फुलांची वाडी आणि वाट्यांखाली झाकलेले पेढा नि बर्फी. आमच्या घरी माझ्या खालाचा सतवासा होता. नवी ओढणी आणि पदरात फळं. काकूंनी येऊन खालाची ओटी भरली, अम्मीनं त्यांच्या सुनेच्या केसांत गजरा माळला. माझं सगळं लक्ष बर्फीकडे होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांत खाला गेली. बाळही गेलं.

या दोन्ही चाली जुन्या आहेत. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’वरून आला. सुश्रुतानं गर्भिणीला दोन हृदयांची म्हटलं आहे. एक तिचं, एक बाळाचं. सोळा संस्कारांत सीमंतोन्नयन आहे. दख्खनच्या मुसलमानांचा सतवासा जाफर शरीफ यांच्या ‘कानून-ए-इस्लाम’मध्ये नोंदलेला आहे आणि तो ग्रंथ १८३२ साली लंडनला इंग्रजीत छापला गेला. धर्म वेगळे असले तरी बाई जड झाली, आता तिला जपलं पाहिजे, ही समजूत एकच.

पण तिच्याबरोबर दुसरीही एक समजूत आली. सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. चरकसंहितेत म्हटलं आहे की आठव्या महिन्यात ओज आई आणि गर्भ यांच्यात अस्थिर असतं, म्हणून त्या महिन्यातला जन्म धोक्याचा. ग्रीकांच्या हिपोक्रातीय ग्रंथांतही आठव्या महिन्याच्या मुलाबद्दल हीच भीती आहे. आजचं वैद्यक सांगतं की हे खरं नाही. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फुप्फुसांना बळ देतो, आणि आठव्यातलं मूल सातव्यातल्यापेक्षा जगण्याची शक्यता जास्त असते.

आमच्या घरी या समजुतीची किंमत मोजावी लागली. खालाचा चेहरा सुजला, बोटांतली अंगठी निघेना. डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. नानी म्हणाली, ‘दिवसांत सूज येतेच. आठवा लागलाय, आता हिला हलवू नका.’ एका रात्री झटके आले. कुणी कांदा हुंगवला, कुणी तावीज आणला. गाडी मिळेपर्यंत पहाट झाली. नानीनं तिच्यावर जिवापाड माया केली होती, तिला दोष देण्याचं माझ्या मनात कधी आलं नाही.

त्या आजाराला डॉक्टर एक्लॅम्प्सिया म्हणतात. त्याची चाहूल बहुधा आधी लागते. रक्तदाब वाढतो, लघवीत प्रथिन जातं. म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा आणि लघवीची एक साधी तपासणी, एवढ्यावर पुष्कळदा ते पकडता येतं. मॅग्नेशियम सल्फेट हे जुनं, स्वस्त औषध झटके रोखतं. ३३ देशांत सुमारे दहा हजार स्त्रियांवर झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीचे निष्कर्ष २००२ साली आले. झटक्यांचा धोका त्यानं निम्म्याहून कमी होतो, हे तिथं सिद्ध झालं.

या दिवसांतल्या विसाव्यासाठी कायदाही झगडून मिळाला. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९६१ साली साऱ्या देशासाठी कायदा आला. त्यातलं एक कलम फारसं कुणाला माहीत नव्हतं. बाईनं मागणी केली तर प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्याही आधी एक महिना तिला कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देता येत नसे. म्हणजे साधारण तिसावा ते चौतिसावा आठवडा. माझा धाकटा भाऊ पोटात असताना अम्मी याच दिवसांत एका छोट्या कारखान्यात उभ्यानं पुठ्ठ्याची खोकी भरत होती. असं काही मागता येतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे २०१७च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळ साधारण किलोभर असतं, डोळे उघडू लागतं. आईला छातीत जळजळ, धाप, पाठदुखी, वारंवार लघवी हे सगळं होतं. पोट मधूनच घट्ट होतं आणि सैलावतं. संध्याकाळी घोटे सुजणं बहुतेकींना चुकत नाही. पण चेहरा-हात सुजले, डोकं सतत दुखलं, नजर अंधुक झाली, पोटात वरच्या बाजूला दुखलं, रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. महिना कुठलाही असो. एरवीही २८ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान एक तपासणी व्हायलाच हवी. २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते.

परवा आमच्या सुनेचा सतवासा झाला. बायका गात होत्या. ओटीत फळांबरोबर तिचं तपासणीचं कार्डही ठेवा, असं मी म्हटलं, तर सगळ्या हसल्या. अम्मी हसली नाही. तिनं कार्ड उचललं, पदरानं पुसलं आणि ओटीत सगळ्यांत वर ठेवलं. मग सुनेला विचारलं, ‘नऊ तारीख कधी आहे गं?’