खाशाबांचा गुडघा

एडिनबरातल्या आपल्या मंडळींना मेडोबँक स्टेडियम माहीत असतं ते मुलांच्या खेळाच्या क्लासमुळे. मूळ स्टेडियम १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलं होतं. आज दिसते ती इमारत नवी आहे. त्या वर्षी एडिनबराच्या स्पर्धेत आपल्या लातूरकडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी कुस्तीत सुवर्णपदक जिंकलं. इतकी वर्षं इथे राहून मला ह्याचा पत्ता नव्हता. तो लागला तो पाय मोडून घरी बसल्यावर!

झालं असं, की एडिनबरा मॅरेथॉनसाठी मी हिवाळाभर होलीरूड पार्कात पळत होतो. नडगी दुखायला लागली. दुखणारच, म्हटलं. ऑफिसातल्या लोकांनी माझ्या नावावर देणग्या दिल्या होत्या, मग थांबायचं कसं? गोळ्या घेऊन तीन आठवडे पळालो. शेवटी स्कॅनमध्ये हाडाला तडा निघाला. डॉक्टरांनी समजावलं: पळताना हाडाला बारीक इजा होत असते आणि विश्रांतीत शरीर ती भरून काढतं. भरायच्या आधीच पुन्हा भार पडत राहिला, की तडा जातो. आठवड्याच्या विश्रांतीने भागलं असतं, तिथे तीन महिने गेले.

त्या सक्तीच्या रजेत आपल्या मल्लांबद्दल वाचत गेलो आणि खाशाबा जाधवांपाशी थांबलो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी १९९६ पर्यंत, म्हणजे लिअँडर पेसपर्यंत, वाट पाहावी लागली.

हेलसिंकीची एक हकीकत नेहमी सांगितली जाते. जपानच्या इशीशी, म्हणजे पुढे सुवर्णपदक जिंकणाऱ्या मल्लाशी, खाशाबांची कुस्ती लांबली आणि ते हरले. लगेच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभं केलं गेलं. नियमाप्रमाणे मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता. थकलेले खाशाबा तीही कुस्ती हरले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या आधी गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तिसरं ऑलिंपिक हुकलं. तेव्हा ते अवघे तीस वर्षांचे होते. १९८४ साली अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

मला सारखं वाटत राहिलं, की ज्याच्या खेळासाठी कुणी घर गहाण ठेवलंय, तो 'आज दुखतंय, नको' असं कसं म्हणेल? माझ्या देणग्या त्यापुढे काहीच नाहीत, तरी माझी जीभ रेटली नाही. म्हणून थांबवणारं माणूस खेळाडूच्या बाहेरचं हवं.

ह्या बाबतीत आपल्या स्कॉटलंडने चांगला पायंडा पाडलाय. २०१५ साली इथे सगळ्या खेळांसाठी मिळून डोक्याच्या दुखापतीची एकच नियमावली निघाली. नुसती शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढायचं आणि त्या दिवशी पुन्हा उतरवायचं नाही. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला, तर जिवावर बेतू शकतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलाला शाळेच्या रग्बीत डोक्याला लागलं. तो "मी ठीक आहे" म्हणत राहिला, पण कोचने त्याला बाहेर बसवलं. घरी आल्यावर मी रागावलो: खोटं का बोललास? तो म्हणाला, "बाबा, तू पण तेच म्हणत होतास की."

ह्यावर मला उत्तर सुचलं नाही. मे महिन्यात पुन्हा मॅरेथॉन आहे. ह्या वेळी सरावाची वही बायकोच्या ताब्यात आहे आणि थांबायचं कधी, हे ती ठरवणार आहे. मंडळी, तुमच्या घरातही असं एक माणूस नेमून ठेवा.