आपला मुख्यमंत्री आणि आपण

जून १९८० मध्ये बॅ. अ. र. अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. कोकणातल्या आंबेतचा एक मराठी मुसलमान राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवर बसला, याचा आम्हाला अभिमान वाटला. तो गैर नव्हता. त्यांच्या कारकिर्दीत कुलाब्याचा रायगड झाला, जालना आणि सिंधुदुर्ग हे नवे जिल्हे झाले. संजय गांधी निराधार योजनेने विधवांना, अपंगांना, एकट्या म्हाताऱ्यांना जातधर्म न विचारता महिन्याचा आधार दिला.

पुढे जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सिमेंटचे वाटप आणि त्यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला. अंतुलेंना पद सोडावे लागले. तेव्हा आमच्यातल्या अनेकांनी निकाल समजून घेण्याआधीच ‘आपल्या माणसाला पाडले’ असे म्हटले. इथे आमचे चुकले. निराधार योजनेचे श्रेय द्यायचे आणि सिमेंटचा जाबही विचारायचा, ही दोन्ही नागरिकाचीच कामे आहेत. आपल्या माणसाकडे हिशेब मागणे म्हणजे कौमशी बेइमानी नव्हे.

अंतुले २०१४ मध्ये गेले. त्यांच्यानंतर राज्याला मुसलमान मुख्यमंत्री मिळालेला नाही, याची खंत आम्ही दर निवडणुकीत बोलून दाखवतो. पण निराधारांचे अर्ज मंत्रालयात नव्हे, तालुक्याच्या कचेरीत अडतात. ग्रामसभेत उठून ‘यादी वाचा’ म्हणायला मुख्यमंत्री आपला असावा लागत नाही. आपण तिथे हजर असावे लागते.