इंटरनेटविना वाचणारे यंत्र

मुदखेड जंक्शनवर आदिलाबादच्या गाडीची वाट पाहत बसावे लागले, तर फलाटावरची उद्घोषणा जरा कान देऊन ऐकावी. गाडी क्रमांकातील प्रत्येक आकडा सुटा सुटा येतो. एखादा आकडा वरच्या पट्टीत, पुढचा खालच्या. गावाचे नाव येण्यापूर्वी आवाज किंचित थबकतो. त्या क्षणी कोणी बोलत नसते. शब्द आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेले असतात आणि संगणक ते हवे तसे ओळीने जोडतो. गाड्या, गावे, फलाट, आकडे एवढेच बोलायचे असेल तर ही युक्ती पुरते. पण पाठ्यपुस्तकाचे कोणतेही पान वाचायचे असेल तर? 'घर, घरात, घरातला, घरातल्यांना' अशी एकेका शब्दाची सगळी रूपे मुद्रित करून ठेवणे कोणालाच शक्य नाही.

हा प्रश्न माझ्यासमोर आला तो याच तालुक्यातील एका शाळेत. दहावीतील एक दृष्टिहीन विद्यार्थिनी फोनकडून इतिहासाचा धडा वाचून घेत होती. पाऊस सुरू झाला, नेटवर्क गेले आणि आवाज वाक्याच्या मध्येच थांबला. परीक्षा आठवड्यावर आलेली. तिच्या शिक्षकांनी विचारले, "सर, यंत्राला वाचायला इंटरनेट लागतेच का?" लागत नाही. बोलणाऱ्या यंत्रांचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे आणि त्यातला बहुतेक काळ ही यंत्रे कोणाशीही न जोडता बोलत आली आहेत.

व्हिएन्नाच्या दरबारातील वोल्फगांग फोन केंपेलेन याने सुमारे वीस वर्षे खटपट करून असे यंत्र बनवले आणि १७९१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. फुप्फुसाऐवजी भाता, स्वरतंतूंऐवजी कंप पावणारी पट्टी आणि तोंडाऐवजी रबरी नरसाळे. नरसाळ्यापुढे हात कमीजास्त झाकला की स्वर बदलत. (याच गृहस्थाने आत माणूस लपवलेले 'बुद्धिबळ खेळणारे यंत्र' दाखवून युरोपला फसवले होते, त्यामुळे त्याच्या खऱ्या यंत्राकडेही लोक संशयाने पाहत.) हात झाकल्याने स्वर का बदलावा? वर्गात करून पाहा. एकाच पट्टीत 'आ' म्हणता म्हणता 'ई'वर या. पट्टी तीच राहते, पण मुखपोकळीचा आकार बदलतो आणि त्याबरोबर अनुनादाच्या कंप्रताही बदलतात. 'आ'मध्ये पहिले दोन अनुनाद साधारण ७०० आणि ११०० हर्ट्झच्या आसपास असतात; 'ई'मध्ये ते ३०० आणि २३०० च्या जवळ जातात. म्हणजे स्वर ओळखू येण्यासाठी सगळी ध्वनिलहर साठवण्याची गरज नाही. दोन-तीन आकडे बरेच काम भागवतात.

याच तत्त्वावर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या होमर डडली यांचे 'व्होडर' १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बोलले. मनगटाखालच्या दांडीने गुणगुण किंवा फुसफुस निवडायची, दहा कळांनी अनुनाद सांभाळायचे, पायाने पट्टी बदलायची. ते वाजवायला शिकण्यात चालकांचे महिनोन्महिने जात. पुढे त्याच प्रयोगशाळेत बिष्णू अटल काम करू लागले. ते मूळचे कानपूरचे आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे विद्यार्थी. ध्वनिलहरीचा पुढचा बिंदू मागच्या काही बिंदूंवरून बराचसा वर्तवता येतो, हे गणित वाणीसाठी उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. याचा उपयोग १९७८ सालच्या 'स्पीक अँड स्पेल' या खेळण्यात दिसतो. त्यातील दोन स्मृतिचकत्यांत मिळून सुमारे २,६२,००० बिट मावत. टेलिफोनच्या प्रतीचा आवाज जसाच्या तसा साठवला तर सेकंदाला ६४,००० बिट लागतात, म्हणजे चार सेकंदांत जागा संपली. त्या जागेत दीड-दोनशे शब्द बसवले होते!

दृष्टिहीनांसाठी छापील पान वाचणारे रे कुर्झवाईल यांचे यंत्र १९७६ साली आले. आकाराने ते बरेच मोठे होते, पण वाचण्यासाठी लागणारे सर्व काही त्याच्या पोटात होते. आपल्याकडे २००१ च्या सुमारास बंगळूरला 'सिम्प्युटर' हा खेड्यांसाठीचा हातात मावणारा संगणक तयार झाला आणि त्याच्यासाठी भारतीय भाषा बोलणारी 'ध्वनी' ही प्रणाली लिहिली गेली. सिम्प्युटर बाजारात चालला नाही. कल्पना मात्र योग्य होती, असे माझे मत आहे.

मग इंटरनेट मध्ये आले कुठून? २०१६ साली 'वेव्हनेट' या कृत्रिम चेताजालाने माणसासारखा आवाज काढून दाखवला. त्यासाठी प्रचंड गणन लागे. ते दूरच्या मोठ्या संगणकांवर करायचे, फोनने मजकूर पाठवायचा आणि आवाज परत घ्यायचा, अशी रीत पडली. आवाज गोड झाला, पण तारेच्या दुसऱ्या टोकाला बांधला गेला.

नियमांवर चालणारे जुने वाचक अजून आहेत. जोनाथन डडिंग्टन यांचा 'ईस्पीक' मोजक्या मेगाबाइटांत शंभराच्या आसपास भाषा बोलतो. त्यात मराठी आहे. आवाज पत्र्यासारखा येतो खरा, पण वेग तिप्पट केला तरी शब्द सुटे ऐकू येतात आणि सरावलेल्या दृष्टिहीन वाचकांना नेमके तेच हवे असते. ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू झालेल्या 'एनव्हीडीए' या मोफत पडदा-वाचकात तो सोबतच येतो आणि पेनड्राइव्हवरूनही चालतो. आता बऱ्याच फोनांतही आवाजाची सामग्री एकदा उतरवून ठेवली की पुढे नेटवर्क लागत नाही.

खरी अडचण मराठीची आहे. 'करवत' लिहिताना 'र' पूर्ण, बोलताना 'कर्‌वत'. 'संत'मधला अनुस्वार 'न्', 'संप'मधला 'म्', 'सिंह'मधला आणखी निराळा. 'चिंच' या एका शब्दात 'च'चे दोन उच्चार आहेत. 'जरा थांब' आणि 'जरा-मरण' यांतला 'ज' वेगळा, हे केवळ अक्षरांवरून कळत नाही. '१०.३०' म्हणजे वेळ असेल तर साडेदहा, अन्यथा दहा पूर्णांक तीस शतांश. हे नियम लिहायला मोठे संगणक लागत नाहीत, भाषा जाणणारी माणसे लागतात. शिवाय मजकूर युनिकोडमध्ये हवा. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. तरीही जुन्या फॉन्टांत टंकलेल्या प्रश्नपत्रिका शाळाशाळांतून फिरतात. त्या डोळ्यांना मराठी दिसतात आणि यंत्राला निव्वळ रोमन अक्षरांचा गोंधळ. पानाचा फोटो काढून पाठवला तर अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीशिवाय यंत्राला त्यात अक्षरेच सापडत नाहीत.

त्या शाळेत मग आम्ही कार्यालयातल्या जुन्या संगणकावर पेनड्राइव्ह लावला. इतिहासाचे धडे वर्गातील दोन मुलींनी युनिकोडमध्ये टंकून दिले. पहिल्या दिवशी आवाज ऐकून सगळा वर्ग हसला. ती हसली नाही, वेग वाढवत राहिली. यंत्र चुकते ते शब्द ती वहीत उतरवायला मैत्रिणीला सांगे आणि तिचे शिक्षक संध्याकाळी पडदा-वाचकाच्या उच्चारकोशात ते दुरुस्त करीत. मी निघालो तेव्हा यादी एकेचाळीस शब्दांवर गेली होती. त्यात पहिला शब्द होता 'मुदखेड'.