'प्लेटलेट किती?' : एका प्रश्नामागचा इतिहास

१/ पावसाळा सरत आला की आमच्या माण-हिंजवडीत डेंग्यूच्या रुग्णाविषयी पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'प्लेटलेट किती?' निरोगी रक्तात मायक्रोलिटरमागे साधारण दीड ते साडेचार लाख. या कणांची ओळख पटायला मात्र बराच काळ जावा लागला.

२/ १८६५ मध्ये माक्स शुल्झे यांनी रक्तात त्यांचे पुंजके पाहिले. कार्य उमगले नाही.

३/ १८८२ मध्ये तुरिनच्या जुलिओ बिझोझेरो यांनी जिवंत प्राण्याच्या सूक्ष्म रक्तवाहिनीला इजा करून निरीक्षण केले. हे कण आधी जखमेला चिकटत, मग परस्परांना.

४/ कारण आज ठाऊक आहे. वाहिनी फाटताच भिंतीतील कोलॅजेन उघडे पडते. प्लेटलेट तेथे अडकतात, आकार बदलतात, रसायने सोडून इतरांना पाचारण करतात. फायब्रिनोजेन त्यांना सांधते. फायब्रिनचे जाळे गुठळी पक्की करते.

५/ अस्थिमज्जेतील महापेशींचे वर्णन बिझोझेरोंनीच १८६९ मध्ये केले होते. प्लेटलेट त्यांतूनच उपजतात, हे १९०६ मध्ये जेम्स होमर राइट यांनी दाखवले. दोन्ही टोके एकाच्याच हाती होती, तरी गाठ दुसऱ्याने मारली. पुरावा सापडणे आणि त्याचा अर्थ लागणे, या दोन निराळ्या घटना आहेत.