वऱ्हाडचे विस्मृत सम्राट : काव्यातले आणि ताम्रपटातले

विदर्भाचा राजा कोण, असे आपल्या घरातील कोणाही वडीलधाऱ्या स्त्रीस विचारले, तर ती क्षणाचाही विलंब न लावता भीष्मकाचे नाव सांगेल. रुक्मिणीचे माहेर कौंडिण्यपूर, बहिणीस परत आणल्यावाचून राजधानीत पाऊल टाकणार नाही अशी रुक्मीने केलेली प्रतिज्ञा, आणि ती न साधल्यामुळे त्याने वसविलेले भोजकट, हे सर्व कथाकीर्तनांतून तिच्या कानी पडलेले असते. दमयंतीचा पिता भीम हाही तिला ठाऊक असतो. परंतु विंध्यशक्ती, प्रवरसेन, सर्वसेन, हरिषेण ही नावे घेतली, तर शिकलेली मंडळीही एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. वास्तविक इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या भूमीवर ज्या वाकाटकांचे राज्य होते, त्यांचीच ही नावे होत.

आमच्या बाळापुरात मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील किल्ला १७५७ साली पुरा झाला, आणि मिर्झाराजे जयसिंगाची छत्री त्याहून शंभरएक वर्षांनी जुनी. शाळेतील मुले ‘जुने’ म्हणतात ते एवढेच. पण पातूरच्या वाटेने पुढे वाशीम गाठले, की आपण वत्सगुल्मात, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीत, उभे असतो. एका दिवसात जाऊन येण्याजोग्या अंतरावर ही राजधानी असताना तिची आठवण का राहू नये?

याचे उत्तर इतिहास व वाङ्मय यांच्या परस्परसंबंधात आहे, असे आम्हांस वाटते. वाङ्मय ज्याला उचलून धरते तो राजा लोकांच्या मुखी राहतो. ज्याचा केवळ ताम्रपट उरतो तो जमिनीत जातो. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकातील विदर्भराज यज्ञसेन पहा. तो अग्निमित्राच्या सैन्याकडून पराभूत होतो आणि वरदा नदी, म्हणजे आपली वर्धा, सीमा ठरवून राज्याचे दोन भाग केले जातात. नाटकात त्याचे काम एवढेच. तरीही संस्कृतच्या विद्यार्थ्यांस तो परिचित आहे. उलट पहिल्या प्रवरसेनाने चार अश्वमेध केले, ‘सम्राट’ ही पदवी धारण केली, आणि तो मात्र विस्मृतीत गेला.

अगदीच गेला असे मात्र नव्हे. पुराणांच्या वंशवर्णनात विंध्यशक्तीचा पुत्र प्रवीर साठ वर्षे राज्य करील, वाजपेय यज्ञ करील आणि त्याचे चार पुत्र राजे होतील, असे भविष्यकथन आहे. हा प्रवीर म्हणजेच पहिला प्रवरसेन होय. पण चार पुत्रांचे काय? सापडलेल्या लेखांत गौतमीपुत्र या एकाच पुत्राचा वंश दिसे. त्यामुळे पुराणांचे ते वचन निराधार भासे. पुढे १९३९ साली वाशीम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. त्याची भाषा काही संस्कृत, काही प्राकृत. त्यात प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याचे नाव स्पष्ट आहे. ते हाती येताच अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेल्या लेखात पूर्वी ‘रुद्रसेन’ असे जे वाचले जात होते, ते ‘सर्वसेन’ आहे हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दाखवून दिले. एका नावाच्या दुरुस्तीने एक संपूर्ण राजशाखा उभी राहिली! पुराणे म्हणजे भाकडकथा, असे घाईने म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि पुराणात आहे म्हणजे खरेच, असे म्हणणाऱ्यांनीही. कारण चारांपैकी दोन पुत्रांचा पुरावा अद्याप आपल्या हाती नाही.

हा सर्वसेन स्वतः कवी होता. कृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणला, या विषयावर त्याने ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत काव्य रचले. आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रज्ञाने त्याची वाखाणणी केली. पण मूळ काव्य नष्ट झाले आणि अलंकारग्रंथांत उदाहरणादाखल घेतलेली काही पद्येच वाचली. नंदिवर्धन शाखेचा दुसरा प्रवरसेन याहून भाग्यवान. त्याचे ‘सेतुबंध’ काव्य आजही उपलब्ध आहे आणि बाणभट्टाने त्याची स्तुती केली आहे. पुढे अकबराच्या काळी रामदास नामक टीकाकाराने, हे काव्य विक्रमादित्याच्या आज्ञेवरून कालिदासाने प्रवरसेनासाठी रचले, असे लिहून ठेवले. राजाने स्वतः काही चांगले लिहिले असेल यावर पंडितांचा सहसा विश्वास बसत नाही, त्यातलाच हा प्रकार असावा.

याच प्रवरसेनाचा एक ताम्रपट अचलपूरजवळच्या चमक या गावी सापडला. भोजकट राज्यातील चर्मांक गाव एक हजार ब्राह्मणांस दान दिल्याचा हा लेख. रुक्मीचे भोजकट येथे कथेतून उतरून सरकारी दप्तरात आलेले दिसते! लेखात नेहमीप्रमाणे पूर्वजांच्या पराक्रमाची स्तुती आहे; ती सर्वच राजे लिहवीत. परंतु पुढील अटी वाचण्यासारख्या आहेत. दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी व व्यभिचार करू नये, युद्ध करू नये, इतर गावांचा अपराध करू नये; अन्यथा वागल्यास राजाने जमीन परत घेणे ही चोरी ठरणार नाही. खरा राजा आम्हांस या अटींत दिसतो. स्तुतीच्या ओळींपेक्षा शंभर पटींनी अधिक दिसतो.

या प्रवरसेनाची माता प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. पती रुद्रसेन निवर्तल्यावर अज्ञान पुत्राच्या नावे तिने राज्य चालविले. तिच्या पुणे ताम्रपटात सासरच्या वंशाआधी माहेरच्या गुप्तांची वंशावळ दिली आहे. सत्ता कोणाच्या बळावर चालली होती, हे यावरून ओळखावे.

आता हरिषेणाकडे येऊ. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. त्यातील लेखात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र हे देश हरिषेणाच्या संबंधात सांगितले आहेत. पण दगड नेमका तेथेच खंडित होऊन क्रियापद गेले आहे. हे देश जिंकले, की त्यांच्याकडून खंडणी घेतली, की आणखी काही? साम्राज्याचा विस्तार एका हरवलेल्या क्रियापदावर अडून राहिला आहे.

त्याच्यानंतर काय झाले, हे कोणताही ताम्रपट सांगत नाही. सांगतो तो दंडी. ‘दशकुमारचरिता’च्या आठव्या उच्छ्वासात विदर्भाचा पुण्यवर्मा हा आदर्श राजा आणि त्याचा पुत्र अनंतवर्मा हा दंडनीतीची उपेक्षा करणारा. वृद्ध मंत्री वसुरक्षित समजावतो, तर विहारभद्र नावाचा खुशमस्कऱ्या त्याची टर उडवितो. शत्रू असलेल्या अश्मकराजाचा हस्तक चंद्रपालित दरबारात शिरतो आणि शिकार, द्यूत, मद्यपान यांत कसे गुणच गुण आहेत, हे राजास पटवून देतो. मग परचक्र येते, मांडलिक फितूर होतात, राजा मारला जातो आणि राणी मुलांना घेऊन माहिष्मतीला पळते. मिराशींच्या मते पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण आणि ही कथा म्हणजे वाकाटकांच्या अंताची स्मृती. दंडी सुमारे दोनशे वर्षांनंतरचा. म्हणून नावे व तपशील शब्दशः घेऊ नयेत. परंतु राज्य बाहेरून मोडण्याआधी आतून कसे पोखरले जाते, ते इतके बारकाईने सांगणारी कथा निव्वळ कल्पनेतून निघाली असेल, असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या ज्ञातीच्या अंकातही दरवर्षी एखादी तरी वंशावळ येते आणि ती कोणत्या ना कोणत्या प्राचीन राजकुळाशी जाऊन भिडते. लिहिणाऱ्यांच्या अभिमानाचा आम्ही आदर करतो; पण त्यांनी वरील ‘सर्वसेन’ या एका नावास किती वर्षे पुराव्याची वाट पाहावी लागली, ते आठवावे.

शेवटी ज्ञातिबांधवांस एक विनंती. प्रभावतीगुप्तेचा पुणे ताम्रपट एका तांबटाच्या घरी मिळाला. भट्टीत गेला असता तर त्या राज्ञीचा पुष्कळसा इतिहास वितळून गेला असता. कोणाच्या देवघरात, माळ्यावर किंवा शेतात अक्षरे कोरलेले पत्रे सापडल्यास ते चिंचेने घासू नयेत, त्यांची कडी व मुद्रा तोडू नये, मोडीच्या भावाने विकू नयेत. कोठे सापडले ते लिहून ठेवून पुरातत्त्व खात्यास किंवा नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळास कळवावे.