प्रथिन-स्फटिकीकरणाची स्वयंचलित उपकरणे

प्रथिनांचे स्फटिक वाढवण्यासाठी अतिसूक्ष्म थेंब टाकणारी आणि त्या थेंबांची वेळोवेळी छायाचित्रे घेणारी प्रयोगशाळेतील यंत्रे. क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रथिनातील अणूंची मांडणी ठरवायची, तर आधी त्याचा चांगला स्फटिक हाती लागावा लागतो. जेम्स सम्नर यांनी १९२६ मध्ये यूरिएज या एंझाइमाचे स्फटिक मिळवले. मात्र एखादे नवे प्रथिन कोणत्या द्रावणात स्फटिकरूप घेईल, हे आजही खात्रीने आधी सांगता येत नाही. अनेक द्रावणे आजमावून पाहावीच लागतात. १९९१ मध्ये जार्मिला यान्चारिक व सुंग-हौ किम यांनी अशा ५० द्रावणांचा निवडक संच सुचवला आणि शोधाला शिस्त आली.

सर्वाधिक वापरात असलेली पद्धत बाष्प-विसरणाची. प्रथिन व द्रावण यांचा मिश्र थेंब त्याच द्रावणाच्या साठ्याशेजारी बंद कप्प्यात ठेवतात. थेंबातील पाणी वाफेवाटे हळूहळू साठ्याकडे जाते, प्रथिन दाट होत जाते आणि परिस्थिती अनुकूल असेल तर स्फटिक धरतो. हाताने टाकलेल्या थेंबाला साधारण १ मायक्रोलिटर प्रथिन लागते, यंत्राला १०० नॅनोलिटर पुरते. म्हणजे ९६ कप्प्यांच्या तबकाला ९६ ऐवजी जेमतेम १० मायक्रोलिटर. महिनोन्‌महिने खपून काही मिलिग्रॅम प्रथिन शुद्ध केलेल्या संशोधकाला या बचतीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. एवढा लहान थेंब उघड्यावर पाहता पाहता सुकतो, म्हणून हवेतील आर्द्रता राखावी लागते आणि तबकावर पारदर्शक पट्टी लगेच चिकटवावी लागते.

तबके बहुधा ४° किंवा २०° से. तापमानाच्या कपाटात राहतात. यंत्र ती ठरलेल्या दिवशी कॅमेऱ्याखाली आणते आणि थेंबाच्या निरनिराळ्या खोलींवरची चित्रे जुळवून एक स्पष्ट चित्र तयार करते. खरी अडचण ओळखण्याची असते, कारण मिठाचा स्फटिकही तितकाच देखणा दिसतो. ध्रुवित प्रकाशात दोन्ही चमकू शकतात. अतिनील प्रकाशात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असलेले प्रथिन उजळते व मीठ सहसा काळे राहते. ट्रिप्टोफॅन नसेल तर मात्र ही कसोटी लंगडी पडते.

चित्रांचा ढीग माणसाने पाहणे अशक्यप्राय झाल्यावर संगणकाकडे वळणे भागच होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मार्को’ या प्रणालीला सुमारे पाच लाख चित्रांवर शिकवले गेले. चाचणीत तिने ९४ टक्क्यांहून अधिक चित्रे बरोबर ओळखली. त्या चित्रांत फसलेले थेंबही होते. प्रयोगवहीत क्वचितच तपशिलाने उतरणाऱ्या अपयशाची अशी व्यवस्थित नोंद हे या यंत्रांचे सर्वांत मोठे देणे मानले पाहिजे.

स्फटिक उचलण्याचे काम बहुतेक ठिकाणी अजून सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक फास वापरून हातानेच होते. ग्रनोबल येथील युरोपीय रेणवीय जीवविज्ञान प्रयोगशाळेच्या केंद्रात त्यासाठी स्फटिकाखालचे पातळ पटल लेसरने कापून घेण्याची सोय विकसित झाली. चित्रात निर्दोष दिसणारा स्फटिकही क्ष-किरणांपुढे निकामी ठरू शकतो; त्याची प्रत विवर्तनातूनच कळते.